'डाउनहिल रेसर' : यशाचे समर्थन आणि दुसऱ्याचे पडणे

यशस्वी माणसाला आपण पुष्कळ गोष्टी माफ करतो. ही माफी म्हणजे केवळ लोकांचा दुबळेपणा, की तिला काही नैतिक आधारही आहे? बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये 'मॉरल लक' या निबंधात हा प्रश्न गोगँच्या काहीशा कल्पित उदाहरणाने मांडला. कुटुंबाला वाऱ्यावर सोडून चित्रकलेसाठी ताहितीला जाणाऱ्या या कलावंताचे समर्थन झालेच तर यशाने होईल, आणि यश तर दैवाधीन. मात्र विल्यम्स येथे एक भेद करतात. वाटेत दुखापत होऊन चित्रे काढताच आली नाहीत, तर तो बाहेरचा दैवयोग. त्याने निर्णय चुकीचा ठरत नाही. प्रतिभाच तोकडी निघाली, तर ते अपयश उपक्रमाच्या गाभ्यातले असते आणि निर्णयाचा आधारच नाहीसा होतो. हा भेद क्रीडास्पर्धेच्या संदर्भात टिकतो काय, हे मायकेल रिची यांच्या 'डाउनहिल रेसर' (१९६९) या चित्रपटावरून तपासण्यासारखे आहे.

जेम्स सॉल्टर यांच्या पटकथेतला डेव्हिड चॅपलेट (रॉबर्ट रेडफोर्ड) कोलोरॅडोतल्या आयडाहो स्प्रिंग्ज या लहान गावातून येतो आणि एका जखमी खेळाडूच्या जागी युरोपात अमेरिकेच्या स्की-संघात दाखल होतो. पहिल्याच शर्यतीत उशिराचा क्रमांक मिळाला म्हणून तो उतरण्याचे नाकारतो. (या उद्दामपणात तथ्य नाही असे नाही. आधीच्या स्पर्धकांनी उतारावर खाचा पाडलेल्या असतात. अनोळखी खेळाडूला उशिराचा क्रमांक मिळतो, आणि म्हणून तो अनोळखीच राहतो.) गावी परतल्यावर जुनी मैत्रीण आपल्याविषयी काही सांगू पाहते, तर हा तिच्याकडे च्युइंगम मागतो. युरोपातली मैत्रीण मोटारीत बोलू लागते, तेव्हा तो हॉर्न दाबून तिचे बोलणे बुडवून टाकतो. हे सारे कशासाठी, असे वडील विचारतात. अजिंक्य व्हायचे आहे, हे त्याचे उत्तर. त्यावर असल्या लोकांनी जग भरले आहे, अशा अर्थाचे काहीतरी ते कोरडेपणाने म्हणतात. या प्रसंगात संगीत नाही, समेट नाही.

क्रीडापटांचा रूढ संकेत असा, की नायक आधी सुधारतो व मग जिंकतो. त्यामुळे विजय हे सद्गुणाचे पारितोषिक ठरते आणि प्रेक्षकाची नैतिक अडचण आपोआप मिटते. चॅपलेट सुधारत नाही. त्याला क्रौर्याचीही हौस नाही. दुसऱ्या माणसाकडे लक्ष देण्याची त्याला गरजच भासत नाही, इतकेच. खलनायकापेक्षा हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

ऑलिंपिकच्या अखेरच्या शर्यतीत तो सर्वांत कमी वेळ नोंदवतो. जल्लोष सुरू होतो. तेवढ्यात जवळजवळ अपरिचित असा एक जर्मन खेळाडू वरून येताना अधिक वेगवान असल्याचे मधल्या नोंदींवरून कळते, आणि जल्लोष थांबतो. मग तो खेळाडू पडतो व जल्लोष पुन्हा सुरू होतो. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर फलागम झाल्यासारखा वाटून कथानक मागे सरते, आणि फळ दुसऱ्यांदा हाती येते ते नायकाच्या प्रयत्नाने नव्हे.

चॅपलेटचे उतरणे तोवर संपलेले आहे. शंभरांश सेकंदातही त्यात आता बदल संभवत नाही. तरीही ते अजिंक्यपद आहे की नाही, हे दुसऱ्याच्या पायांवर ठरायचे आहे. गोगँचे चित्र चांगले ठरण्यासाठी शेजारच्या चित्रकाराचा हात मोडावा लागत नाही. चॅपलेटला मात्र उत्तम उतरायचे नव्हते, सर्वांच्या पुढे असायचे होते. 'सर्वांच्या पुढे' या कल्पनेत इतरांचे मागे राहणे, पडणे हे आधीच अंतर्भूत आहे. म्हणजे जर्मन खेळाडूचे पडणे हा बाहेरचा दैवयोग म्हणून बाजूला काढता येत नाही, आणि चॅपलेटच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणूनही ते स्वीकारता येत नाही. विल्यम्स यांच्या दोन्ही कोटींतून ते निसटते.

यावर कोणी म्हणेल, की सुवर्णपदक तर खरेच आहे. ते आहेच, घड्याळ चारित्र्य विचारत नाही, आणि विचारू लागले तर खेळ संपेल. परंतु घड्याळाने दिलेला निकाल आपण मोटारीतल्या त्या प्रसंगालाही लागू करतो, तेव्हा गफलत होते. यश मिळाले तरी ज्यांना त्याची झळ लागली त्यांची तक्रार उरतेच, हे विल्यम्सही मान्य करतात. जर्मन खेळाडू पडला नसता, तर हॉर्नखाली बुडालेले ते वाक्य अधिक ऐकू आले असते काय?