हीथक्लिफचा रंग आणि हॅरेटनची अक्षरे



एमिली ब्राँटी यांची 'वदरिंग हाइट्स' ही कादंबरी १८४७ साली इंग्लंडमध्ये 'एलिस बेल' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिच्यावर आजवर अनेक चित्रपट निघाले. एमेराल्ड फेनेल यांचा चित्रपट फेब्रुवारी २०२६ मध्ये आला, पण त्यावरचा वाद त्याच्या दीड वर्ष आधी, कलाकारांची नावे जाहीर झाली तेव्हाच पेटला होता. कादंबरीतला नायक हीथक्लिफ सावळ्या-काळ्या वर्णाचा, 'जिप्सी' म्हणून हिणवला जाणारा. त्याची भूमिका जेकब एलॉर्डी या गोऱ्या ऑस्ट्रेलियन नटाला मिळाली. आणि कॅथरीन ज्याच्याशी लग्न करते त्या श्रीमंत, गोऱ्यापान एडगरची भूमिका मिळाली दक्षिण आशियाई वंशाच्या शझाद लतीफला! लोक चिडले. चित्रपटाच्या बाजूने उत्तर आले की शेवटी ते एक पुस्तक आहे, तंतोतंत तसेच करायला हवे असे नाही. दिग्दर्शिकेने सांगितले की आपल्याकडच्या जुन्या प्रतीच्या मुखपृष्ठावरचा हीथक्लिफ एलॉर्डीसारखाच दिसत होता.

चित्रपट चांगला की वाईट हे मला इथे सांगायचे नाही. मला बोलायचे आहे ते या भांडणाबद्दल, कारण ते दिसते तेवढे आपल्यापासून दूर नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यॉर्कशरच्या माळावरचा एक जमीनदार लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेले बेवारस पोर घरी घेऊन येतो. लिव्हरपूल म्हणजे त्या काळचे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर. पोर काळे आहे, त्याची भाषा कोणाला कळत नाही. सुरुवातीला घरातले लोक त्याच्याबद्दल एखाद्या वस्तूबद्दल बोलावे तसे बोलतात. शेजारी त्याला 'लास्कर' म्हणतो. हा शब्द आपल्या 'लष्कर'चाच भाऊ. इंग्रजांच्या जहाजांवरच्या आशियाई खलाशांना तो लावत, आणि त्या खलाशांत पुढे आपल्या कोकणातलेही पुष्कळ होते. घरात पूर्वी वारलेल्या एका मुलाचे 'हीथक्लिफ' हे नाव त्याला देतात आणि तेच त्याचे नाव व तेच आडनाव. बापाचे नाव नाही, कुळाचे नाव नाही. म्हातारा मेल्यावर त्याचा मुलगा हिंडली घरचा मालक होतो आणि पहिले काम काय करतो? पाद्रीबुवांकडे चाललेले हीथक्लिफचे शिक्षण बंद करतो आणि त्याला शेतावर गड्यांबरोबर राबायला पाठवतो.

एवढे वाचल्यावर तुमच्यासारख्या वाचकाला आणखी समजावून सांगायला नको.

इथे जपानमध्ये माझ्या क्षेत्रात एक पद्धत आहे. सिस्टीम बंद पडली की 'नाझे-नाझे बुन्सेकी' करावे लागते, म्हणजे 'का? का?' असे विचारत जाणारे विश्लेषण. निदान पाच वेळा 'का' विचारायचे. पहिल्याच 'का'ला "इंजिनियर निष्काळजी होता" असे उत्तर लिहिले तर वरिष्ठ कागद परत करतात. माणसाच्या स्वभावापाशी थांबलेले विश्लेषण हे विश्लेषणच नव्हे, कारण त्यातून दुरुस्तीचा रस्ता निघत नाही. त्सुकुबासारख्या संशोधकांच्या शहरात, जिथे आगगाडीत शेजारी बसलेला माणूस कणभौतिकीचा किंवा अवकाशयानाचा अभ्यासक असू शकतो, हे सगळ्यांना पटते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच 'का'पाशी थांबायला तयार असतो. हीथक्लिफ रागीट का? प्रेमात पोळला म्हणून. स्वभावच तसा, वादळी. संपले.

माझे म्हणणे असे की हीथक्लिफच्या जन्मावरचा डाग पुसला तर त्याचा राग शिल्लक राहतो आणि रागाचे कारण नाहीसे होते. मग तो राग त्याच्या रक्तातला वाटू लागतो. तथागतांनी शिकवलेला कार्यकारणभाव नेमका इथे मोडतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीवरच प्रश्न उभे केले, हे तुम्ही जाणता. दुःखाचे मूळ मागच्या जन्मीच्या पापात शोधणे त्यांना मान्य नव्हते. माणूस माणसाशी ज्या अन्यायाने वागतो त्याकडे त्यांनी बोट दाखवले. पडद्यावर दुःख भरपूर दाखवायचे, अगदी पावसात भिजवून दाखवायचे, आणि हा अन्याय तेवढा गाळायचा, हे आपल्याला खटकले पाहिजे.

हे फक्त परदेशी लोक करतात असे नाही. १९६६ साली ए. आर. कारदार यांचा 'दिल दिया दर्द लिया' आला. नायक दिलीपकुमार, नायिका वहिदा रेहमान, कथा याच कादंबरीवरून घेतलेली. त्यातला अनाथ शंकर नोकरासारखे जिणे जगतो, मार खातो, पण तो मुळात असतो एका मोठ्या इस्टेटीचा वारस! हिंदी सिनेमाला बेवारस पोराच्या प्रेमाची कथा हवी होती, पण त्याचे रक्त उच्च निघाल्याशिवाय ती पचली नसती. 'सैराट' (२०१६) आणि त्याचा हिंदी अवतार 'धडक' (२०१८) यांच्याबद्दल तर आपण सगळे बोललोच आहोत. परश्याची जात हेच ज्या कथेचे हाड, ते हाड काढून उदयपूरचे राजवाडे आणि तलाव घातले की काय उरते ते आपण पाहिले. पुढे 'धडक २' (२०२५) मध्ये जात आली, पण नायकाचा चेहरा काळवंडवला म्हणून टीका झाली. ती टीका मला योग्य वाटते. आपल्या समाजात गोरे आहेत, सावळे आहेत, काळे आहेत. जात कातडीवर नसते. ती आडनावात, वस्तीत, पाण्याच्या भांड्यात आणि शाळेच्या दाखल्यात असते.

म्हणून हीथक्लिफला कोणत्या रंगाचा नट हवा या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ असूनही पुरेसे नाही. काळा नट असावा, हे बरोबरच. २०११ मध्ये अँड्रिया अर्नोल्ड यांनी जेम्स हाउसन या कृष्णवर्णी तरुणाला घेतले तेव्हा अनेक दृश्यांचा अर्थ न सांगता कळला. पण जपानी लोकांनी हीच कथा नटाचा रंग न बदलताही सांगितली आहे. योशिशिगे योशिदा यांनी १९८८ मध्ये ती मध्ययुगीन जपानात नेली आणि हीथक्लिफचे नाव ठेवले 'ओनिमारू'. 'ओनि' म्हणजे राक्षस. घरात आणलेल्या पोराला आधी राक्षस म्हणायचे आणि मग तो राक्षसासारखा वागतो म्हणून बोटे मोडायची! ज्यांच्या पूर्वजांना पुराणांनी असुर आणि राक्षस ठरवले त्यांना हे नाव वाचताच कळेल. लेखिका मिनाए मिझुमुरा यांनी २००२ च्या कादंबरीत याच नायकाला युद्धानंतर मांचुरियाहून परतलेल्या गरीब कुटुंबातला मुलगा केले, ज्याच्या रक्ताबद्दल सगळे कुजबुजत असतात. जपान्याशेजारी जपानी दिसणारा माणूस उभा असतो आणि तरी तो बाहेरचा ठरतो. 'बुराकू' समाजाच्या इतिहासामुळे जपानी वाचकाला हे नवे नाही.

आता थोडे मुंबईकडे येतो, कारण या कथेचा सर्वांत चटका लावणारा भाग कादंबरीत नाही. १९३९ चा विल्यम वायलर यांचा चित्रपट आजही सर्वांत प्रसिद्ध. त्यात हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, गोरा इंग्रज. आणि कॅथरीन झाली मर्ल ओबेरॉन. ही बाई १९११ साली मुंबईत जन्मली. आईकडून तिचे रक्त आशियाई होते, लहानपण मुंबई-कलकत्त्यात गरिबीत गेले. सिनेमात नाव झाल्यावर तिने सांगितले की आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, आणि हे ती जवळजवळ मरेपर्यंत सांगत राहिली. १९७९ साली ती वारली आणि खरे काय ते जगाला त्यानंतर कळले. म्हणजे पाहा, काळ्या पोराला जवळ करून मग प्रतिष्ठेसाठी दूर लोटणाऱ्या गोऱ्या मुलीची भूमिका करणारी स्वतःच आपला जन्म लपवून उभी होती. तिला सत्य सांगण्याची मोकळीक नव्हती. त्या काळच्या हॉलिवूडच्या नियमांत गोऱ्या-काळ्यांचे प्रेम पडद्यावर दाखवायलाही बंदी होती.

मर्लला खोटारडी म्हणणे सोपे आहे. पण परदेशातल्या मराठी मंडळात, हळदीकुंकवाला किंवा नव्या शेजाऱ्यांच्या चहाला, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" हा प्रश्न तुम्हालाही आला असेल. पहिल्या उत्तरावर समाधान झाले नाही की दुसरा प्रश्न येतो, मग तिसरा. तेही एक 'नाझे-नाझे'च, फक्त उलट्या हेतूने चालणारे. आपल्यातले काही जण गावाचे नाव सांगून विषय बदलतात, काहींनी आडनाव बदलले, काही छातीवर निळा बिल्ला लावून जातात. मी कोणालाही दोष देणार नाही. लपवणाऱ्याची चौकशी करण्याआधी, त्याला लपवावेसे का वाटले याची चौकशी व्हावी.

इथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत असतील. पुढच्या भागाबद्दल खात्री नाही.

मध्यंतरी वंदनेनंतर चहा घेताना एक तरुण मित्र म्हणाला, "दादा, हीथक्लिफ आपला माणूस आहे. त्याने बदला घेतला, बरोबर केले." त्याच्या आवाजात जी धग होती ती मला परकी नाही. पण हीथक्लिफने बदला कोणावर घेतला ते पाहा. एडगरची बहीण इझाबेला त्याच्यावर भाळते. तिच्याशी तो केवळ सूड म्हणून लग्न करतो, तिला मारतो, छळतो. तिने त्याचे काय वाकडे केले होते? स्वतःच्या आजारी मुलाला तो प्यादे म्हणून वापरतो. आणि हिंडली मेल्यावर त्याचा लहानगा मुलगा हॅरेटन हाती लागतो, तेव्हा हीथक्लिफ ठरवून त्याला अडाणी ठेवतो. जे आपल्याशी झाले तेच, तसेच, त्याच पायरीवरून. 'आपला माणूस' ज्या हत्याराने कापला गेला तेच हत्यार त्याने एका निरपराध पोरावर चालवले.

वसल सुत्तातला विचार आपण भाषणांत नेहमी सांगतो: माणूस जन्माने हीन ठरत नाही, कर्माने ठरतो. जातीच्या अभिमान्यांना उत्तर म्हणून तो सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्याला दोन धारा आहेत. जन्माने हीन नसलेला हीथक्लिफ कर्माने हीन होऊ शकतो, आणि होतो. कारण कळले म्हणून कृत्य माफ होत नाही. अंगुलिमालाने शस्त्र टाकले, तथागतांनी त्याला संघात घेतले, पण पाली सुत्त सांगते की भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले आणि तथागतांनी त्याला ते सहन करायला सांगितले. त्याचा भूतकाळ कोणी पुसला नाही.

मग कारण शोधायचेच कशाला, असे माझ्या मित्राने विचारले. प्रश्न चोख होता. माझे उत्तर कादंबरीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, आणि मौज अशी की बहुतेक चित्रपट तोच भाग कापतात. वायलर यांनी कापला, अर्नोल्ड यांनीही कापला. १९९२ चा राल्फ फाइन्स आणि ज्युलिएट बिनोश यांचा चित्रपट हा अपवाद. कॅथरीन मेली की प्रेमकथा संपली असे धरतात.

त्या भागात काय आहे? घराच्या दरवाजावर दगडात कोरलेले आहे: १५०० हे साल आणि 'हॅरेटन अर्नशॉ' हे नाव. तीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचे आणि या मुलाचे नाव एकच. त्याच्याच घरावर त्याचेच नाव आणि त्याला ते वाचता येत नाही! रोज त्याखालून तो ये-जा करतो. पुढे तो गुपचूप अक्षरे गिरवतो आणि एक दिवस कॅथरीनच्या मुलीला अभिमानाने सांगतो की आता मला हे वाचता येते. नाव येते, पण शेजारचे आकडे येत नाहीत. ती हसते. ते हसणे त्याला इतके लागते की तो पुन्हा दगड होतो. लंडन, टोकियो किंवा नागपूर, कुठल्याही शाळेत पहिल्या पिढीच्या मुलाच्या उच्चारांना हसणारे कोणी ना कोणी असते, म्हणून हा प्रसंग मला कादंबरीतल्या सगळ्या वादळांपेक्षा मोठा वाटतो.

नंतर तीच मुलगी एक सुंदर पुस्तक पांढऱ्या कागदात बांधून त्याला पाठवते, आणि निरोप देते की घेतलेस तर वाचायलाही मी शिकवीन. तो घेतो. दोघे शेजारी बसून वाचू लागतात. हीथक्लिफ त्यांना पाहतो आणि त्याचा उगारलेला सूड हातातच विरतो. त्याला कोणी हरवलेले नसते. हिंडलीने जिथे शिक्षण तोडून साखळी सुरू केली, नेमक्या त्याच कडीवर ती तुटते. कारण माहीत नसते तर कुठली कडी तोडायची हे कोणालाच कळले नसते. मित्राला मी एवढेच सांगितले.

तो माझ्याशी सहमत झाला असे नाही. "पण हॅरेटन मुळात मालकाचाच पोरगा," तो म्हणाला, "हीथक्लिफला कोणी पुस्तक बांधून दिले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण कादंबरीतही ते नाही. जपानी भाषेचा सराव व्हावा म्हणून त्याने आता त्सुकुबा स्टेशनजवळच्या शहर वाचनालयातून 'अराशी गा ओका' आणली आहे. तो बत्तिसाव्या प्रकरणापर्यंत पोचला की पुन्हा चहाला बसायचे ठरले आहे.