आपला न्याय आणि शेजाऱ्याचें लेकरूं

मननासाठीं वचन : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २, ओवी ४



गेल्या महिन्यांत एका गांवच्या उपदेशक बंधूंनीं आम्हांस प्रश्न केला कीं, "मंडळींतील कांहीं तरुण जमिनीच्या प्रश्नासाठीं मोर्चाबरोबर शहरास जावयाचें म्हणतात. त्यांस जाऊं द्यावें कीं आवरावें?" प्रश्न सोपा नाहीं. आम्हीं तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं. कारण या बाबतींत आम्हांस एकदां मान खालीं घालावी लागली आहे, आणि ती हकीकत सांगितल्यावांचून आमच्या उत्तरास कांहीं किंमत नाहीं. तीच आज येथें लिहितों.

इ. स. २०१८ च्या मार्च महिन्यांत आम्ही मुंबईस गेलों होतों. उपवासकाळ चालू होता; झावळ्यांच्या रविवारास दोन आठवडे उरले होते. आमच्या मंडळींतील एका वृद्ध भगिनीस कर्करोग असल्याचा संशय होता, म्हणून तिला तेथील एका मोठ्या रुग्णालयांत दाखवावयाचें होतें. सोमवार, ता. १२ रोजीं सकाळीं आठ वाजतांची वेळ मिळाली होती, आणि ती मिळण्यास दीड महिना लागला होता. चुनाभट्टीस तिचा भाचा राहतो. त्याच्या दोन खोल्यांच्या घरीं आम्ही शनिवारीं उतरलों. भाच्याची मुलगी त्या वर्षीं दहावीस होती, आणि तिचाही पेपर त्याच सोमवारीं होता.

रविवारीं दुपारपासून सर्वांच्या तोंडीं एकच गोष्ट होती. अखिल भारतीय किसान सभेच्या हांकेवरून ता. ६ रोजीं नाशिकाहून निघालेले हजारों शेतकरी कसारा घाट उतरून, ठाण्यावरून, सुमारें १८० किलोमीटरांची वाट पायीं चालून मुंबईंत येत होते. त्यांचा त्या रात्रीचा मुक्काम आमच्या जवळच सोमैया मैदानांत होता, आणि सोमवारीं सकाळीं उठून ते विधानभवनाच्या दिशेनें जाणार होते. म्हणजे मुलीस परीक्षेस आणि आम्हांस रुग्णालयांत पोंचावयाचें, नेमक्या त्याच वेळीं रस्ते भरून जाणार होते.

खरें सांगतों, आमच्या मनांत पहिला विचार त्या लोकांच्या दुःखाचा आला नाहीं. आम्ही कुरकुरलों. तांबडे बावटे पाहून आम्ही यजमानास म्हणालों कीं, या लोकांस देव ठाऊक नाहीं, मग दुसऱ्याची अडचण कोठून ठाऊक असणार? नंतर दार लावून घेतलें, सर्वांस एकत्र बसविलें आणि उद्यांचा रस्ता मोकळा राहावा म्हणून प्रार्थना केली. प्रार्थनेंत मुलीचें नांव घेतलें, आजारी भगिनीचें नांव घेतलें. मैदानांत येऊन टेकलेल्या माणसांविषयीं एक शब्दही काढिला नाहीं.

आमेन होतांच ती वृद्ध भगिनी उठली. म्हणाली, "पाळकसाहेब, तिथं कोण आलंय ते बघायला तर चला. आपल्या नाशकाकडची माणसं हायेत म्हणत्यात." आम्हीं म्हटलें, "मावशी, तुम्हांला उद्यां पहाटे उठायचें आहे." ती म्हणाली, "झोप कुठं लागणार हाय मला? चला." तिच्यामागून आम्हांस जावें लागलें.

मैदानांत जिकडे तिकडे माणसें बसलेलीं, कांहीं होतीं तेथेंच आडवीं झालेलीं. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या तालुक्यांतील आदिवासी बंधुभगिनी त्यांत पुष्कळ होते. शहरांतील लोक पाणी, बिस्किटें, औषधें घेऊन येत होते. कोणी चपलांचे जोड आणून देत होते. एका बाईच्या तळपायाची कातडी सोलून निघाली होती आणि तिनें तेथें फडकें गुंडाळलें होतें. चप्पल वाटेंतच तुटली, असें ती म्हणाली. आमच्या भगिनीनें आपल्या गुडघ्यांस चोळावयाची खोबरेल तेलाची बाटली पिशवींतून काढिली, ती खालीं बसली, आणि त्या बाईचे पाय तिनें आपल्या मांडीवर घेतले. पाण्यानें धुतले, पदरानें टिपले, भोंवतालीं तेल लाविलें. "कंच्या गावची गं तू, बाई?" एवढेंच तिनें विचारिलें. कोणत्या पक्षाची, कोणत्या देवाची, हें विचारिलें नाहीं.

आम्ही शेजारीं उभे होतों. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायावर आम्हीं कितीदां उपदेश केला असेल, याची गणती नाहीं. त्या रात्रीं मात्र आमचे हात खिशांत होते.

मग आम्हीही बसलों आणि त्या बाईच्या नवऱ्याशीं बोलूं लागलों. तो म्हणाला, "बाप कसत व्हता तीच जमीन आमी कसतों. कसतों दोन एकर, अन् कागदावर आली वीस गुंठे." बंधूंनो, हें दुःख तुम्हांस समजावून सांगावयास नको. २००६ सालच्या वनहक्क कायद्याप्रमाणें, जो आदिवासी ता. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसून पोट भरीत आला, त्यास त्या जमिनीचा हक्क, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, मिळावयाचा आहे. परंतु बारा वर्षें लोटलीं तरी अनेकांचे दावे पडून होते, कांहींचे नाकारले गेले होते, आणि कांहींस कसतात त्याहून कमी जमीन लिहून मिळाली होती. यावांचून कर्जमाफी, पिकास रास्त भाव, वृद्धांस निवृत्तिवेतन, याही त्यांच्या मागण्या होत्या.

आम्ही घरीं परतलों. मध्यरात्र उलटून गेल्यावर बाहेर गलबला ऐकूं आला, म्हणून रस्त्याच्या तोंडाशीं जाऊन पाहिलें. ते लोक निघाले होते! दिवसभर ठाण्याकडून चालत आलेले, अर्धवट झोपलेले, पुन्हां उठून चालूं लागले होते. एका स्वयंसेवकास कारण विचारलें. तो म्हणाला, "सकाळीं दहावीच्या पोरांची परीक्षा आहे. आम्ही दिवसा निघालों तर पोरें अडकतील."

तेथून आझाद मैदान बारा किलोमीटरांहून कमी नाहीं. तेवढी वाट ते रात्रींतून चालले आणि सकाळची रहदारी सुरू होण्यापूर्वीं तेथें जाऊन बसले. सोमवारीं रस्ता मोकळा होता. मुलगी वेळेवर परीक्षेस बसली. आमची भगिनी आठाच्या आधीं रुग्णालयाच्या दारीं पोंचली. आम्हीं मागितलें तें अक्षरशः मिळालें. दार लावून आम्हीं प्रार्थना केली ती ज्यांच्या भीतीनें, त्यांच्याच फोड आलेल्या पायांनीं प्रभूनें तिचें उत्तर दिलें. बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहतांना आम्हांस हें उमगलें, आणि आम्हीं तेथेंच क्षमा मागितली.

आतां वचनाकडे वळूं. पौल फिलिप्पै येथील मंडळीस सांगतो कीं, कोणीही स्वतःच्याच हितावर डोळा ठेवून बसूं नये, तर दुसऱ्याचें बरें कशांत आहे तेंही पाहावें. हें वाचून कित्येकांस वाटतें कीं, ख्रिस्ती मनुष्यानें आपला हक्क मागूंच नये, मुकाट्यानें सोसावें. पण पौलाचें स्वतःचें वर्तन त्याच फिलिप्पै नगरांत कसें होतें तें पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत तें लिहिलें आहे. चौकशीवांचून त्याला फटके मारिले आणि बंदिशाळेंत टाकिलें. मध्यरात्रीं भूमिकंप झाला व दारें उघडलीं. बंदिशाळेचा नायक, कैदी पळाले असें समजून, आपला जीव घेऊं लागला. तेव्हां पौलानें ओरडून त्याला थांबविलें. पळून जाण्याची संधि असतां तो त्या एका माणसाच्या जिवासाठीं जागचा हालला नाहीं. परंतु उजाडल्यावर अधिकाऱ्यांनीं गुपचूप सुटका करूं पाहिली, तेव्हां पौल म्हणाला कीं, आम्हांस उघडपणें मारिलें, तर आतां त्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें. आणि त्यांस यावें लागलें.

रात्रीं शेजाऱ्याच्या जिवाची काळजी, आणि सकाळीं आपल्या न्यायाची मागणी. दोन्ही गोष्टी एकाच माणसानें, एकाच नगरांत केल्या. एकीनें दुसरीस बाध आला नाहीं.

म्हणून न्याय मागणें हें पाप आहे, असें कोणी तुम्हांस शिकवूं नये. गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायांत सलाफहादाच्या पांच मुली सर्व मंडळीदेखत मोशेपुढें उभ्या राहिल्या आणि त्यांनीं बापाच्या नांवें जमिनीचा वांटा मागितला. त्यांचें म्हणणें योग्य आहे, असा निवाडा खुद्द देवानें दिला. परंतु प्रत्येक जमाव न्यायासाठींच असतो असेंही नाहीं. इफिस नगरांत लोक दोन तास ओरडत होते, आणि आपण कशासाठीं जमलों आहों हें त्यांतील बहुतेकांस ठाऊक नव्हतें.

मग खरा मोर्चा आणि नुसता गलबला यांतील भेद कसा ओळखावा? आम्हांस वाटतें, पौलाची ही एक ओवीच त्याची कसोटी आहे. शहर अडविण्याची शक्ति त्या हजारों लोकांच्या हातांत होती. ती त्यांनीं परक्यांच्या लेकरांसाठीं सोडिली, आणि तरी आपली मागणी सोडिली नाहीं. त्याच दिवशीं सरकारनें त्यांस लेखी आश्वासन दिलें. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकालांत काढूं, असें त्यांत होतें. तथापि तेवढ्यानें सर्व झालें नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत नाशिकाहून लोक पुन्हां निघाले, आणि २०२३ च्या मार्चांत मोर्चा पुन्हां वाशिंदपर्यंत आला. लूकाच्या अठराव्या अध्यायांतील विधवेसारखें त्यांस पुन्हां पुन्हां दार ठोठवावें लागलें. न्याय एका फेऱ्यांत मिळत नाहीं, हेंही आमच्या तरुणांनीं आधींच जाणून असावें.

तर उपदेशक बंधूंनो, तुमच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: ज्याचें गाऱ्हाणें खरें आहे त्यास आवरूं नका. पण तो निघण्यापूर्वीं त्याच्याबरोबर बसा. आपण काय मागतों, तें त्याला नीट सांगतां येतें कीं नाहीं, पाहा. त्याचा दावा, त्याचा सातबारा वाचून द्या. लिहितां येणाऱ्या मनुष्याची ती सेवाच आहे. हातांत दगड घेणार नाहीं, आजाऱ्याची गाडी आणि लेकरांची वाट अडविणार नाहीं, एवढें त्याच्याकडून वदवून घ्या. मग त्याच्यासाठीं प्रार्थना करा आणि त्याला पाठवा.

आणि जे आपण घरीं राहतों, त्यांच्यासाठींही एक गोष्ट आहे. आपल्या वाटेंत जे आडवे येतील असें आपणांस वाटतें, त्यांस प्रार्थनेंतून वगळूं नका, आणि दार लावण्यापूर्वीं बाहेर कोण आलें आहे तें पाहून या.

ती वृद्ध भगिनी आज प्रभूजवळ आहे. तिचें दुखणें खरेंच ठरलें. उपचारांनीं तिला आणखी तीन वर्षें मिळालीं. शेवटच्या दिवसांत आम्ही तिला भेटावयास गेलों, तेव्हां तिनें विचारिलें, "त्या बाईच्या जमिनीचं झालं का वो कायी?" आम्हांस सांगतां आलें नाहीं. तिचें गांव मावशीनें विचारून घेतलें होतें; आम्हीं तें लक्षांत ठेविलें नव्हतें.

हे न्यायी व दयाळू पित्या, आमची लाज आमच्या उपयोगी पाड. आमचा हक्क मागण्याचें धैर्य आम्हांस दे, आणि तो मागतांना शेजाऱ्याचें लेकरूं आमच्या डोळ्यांसमोर ठेव. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.