पुढची रांग

आमच्या कडेगावचे मोहरमचे ताबूत ज्याने एकदा पाहिले, तो त्यांची उंची विसरत नाही. बांबू-कागदाचे ते शंभर फुटांहून उंच मनोरे, आधी कळस आणि मग पाया अशा उलट्या क्रमाने बांधलेले, भेटीसाठी हलू लागले की सारा गाव माना वर करून उभा राहतो. माझे लक्ष मात्र खाली, मेळांतून गाणाऱ्यांकडे असते. ताबुतांचे मानकरी मुसलमान आहेत तसे हिंदूही आहेत, आणि एकोप्याचे गीत म्हणणारा ते या दोघांच्या तोंडावरच म्हणतो. उद्या भांडण झालेच, तर ‘काल काय गायलास?’ असे विचारणारे गावात हजर असतात.

छापलेला शब्द आणि उभे राहून म्हटलेला शब्द यांत मला हाच भेद दिसतो. लेखकाला वाचकाचे तोंड दिसत नाही. शाहिराला श्रोत्याचे दिसते. मग काव्यातून समाजाचे बरेवाईट सांगायला जो उभा राहतो, त्याने वाईट कोणाचे सांगावे? दूरच्याचे, की समोर बसलेल्याचे?

गेल्या वर्षी मी शिकवतो त्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीतल्या एका मुलाने पाण्यावर पोवाडा रचला. आमचा मुलूख अवर्षणाचा. ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून आणले, तेव्हा कुठे इथली पुष्कळ राने हिरवी झाली. पोराने पहिल्या चार कडव्यांत मुंबईच्या सत्ताधाऱ्यांना चांगलेच फैलावर घेतले होते. मी खूश झालो. पुढच्या दोन कडव्यांत मात्र रात्री पाट फोडून पाणी आपल्या रानात वळवणारे गावकरी होते. आणि आपल्या भावाच्याच रानात ते पाणी जाते हे ठाऊक असून वर्गात प्रामाणिकपणाचा धडा शिकवणारे एक गुरुजी होते. ते गुरुजी कोण, हे सांगायला नकोच. ती दोन कडवी मी तांबड्या शाईने काढून टाकली.

“सर, मुंबईचे मंत्री काही आपल्या संमेलनाला येणार नाहीत. मग हे ऐकणार कोण?” त्याने विचारले.

“लोक ऐकतील.”

“लोकांचं तर तुम्ही काढलंत.”

पोवाड्याला टाळ्या भरपूर पडल्या. पाट त्या रात्रीही फुटला.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या विचाराचे जलसे गावोगाव फिरले. त्यांनी सावकारीवर आणि भिक्षुकशाहीवर कोरडे ओढले, हे आपल्या लक्षात राहते. पण लग्नासाठी कर्ज काढू नका, मुले शाळेत घाला, असे समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यांनीच बजावले. आंबेडकरी जलशांनीही अन्याय करणाऱ्यांचा समाचार घेतला, आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे आपल्याच माणसांत उभे राहून सांगितले. १९४३ पासून आमच्या या भागात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याने इंग्रजांशी झुंज घेतली, तशीच गावातल्या दारूशी आणि लग्नाच्या उधळपट्टीशीही. सरकारला शिव्या देणे तेव्हा जिवावरचे काम होते. आज गावच्या मांडवात दूरच्या सत्तेला बोलायला फारसे धैर्य लागत नाही. शेजाऱ्याला बोलायला लागते.

पण समोरच्याला बोलणे म्हणजे त्याला चव्हाट्यावर उघडे करणेही नव्हे. दोनशे माणसे हसत असताना एकटा माणूस काय उत्तर देणार? कलगी-तुऱ्याच्या फडात ही सोय होती. एकाने सवाल टाकला की दुसरा आपला डफ घेऊन जवाब देई. आमच्या मांडवात पाणी वळवणाऱ्याच्या हाती डफ नसतो. आणि त्यालाही काही सांगायचे असेल, त्याची विहीर कोरडी असेल. म्हणून मला वाटते, नाव घेऊ नये, वागणे सांगावे; आणि सांगणाऱ्याने आधी स्वतःला त्यात धरावे.

हे शहाणपण मला सुचले ते त्या कागदावरूनच. पुढे खण आवरताना तो पुन्हा हाती आला. तांबड्या रेघेखालचे शेवटचे कडवे मी त्या दिवशी घाईने पुरते वाचलेच नव्हते. त्यात मुलाने कबूल केले होते की, आपल्या बापाचा कांदाही त्याच पाण्यावर पोसला आहे. नाव त्याने कोणाचेच घेतले नव्हते. जे आठवीतल्या पोराला साधले, ते वाचण्याचाही धीर त्याच्या मास्तरला झाला नव्हता.

दिवाळीची सुटी संपली की संमेलनाची तयारी सुरू होईल. ती दोन कडवी मी त्याला परत दिली आहेत. भावाला सांगितले आहे, या वेळी पुढच्या रांगेत माझ्याशेजारी बसायचे. आणि पोवाडा संपल्यावर काही बोलायचे असेल, तर त्यालाही वेळ मिळेल. तो अजून ‘येतो’ म्हणालेला नाही. मी मात्र तिथे बसणार आहे.