आमटीतली गोळी

माझ्या धाकट्या दिरांना स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हा जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय असं त्यांना वाटायचं. गोळी घेईनात, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "पूड करून आमटीत घाल. त्याच्या भल्यासाठीच की!" मी पंधरा दिवस घातली. म्हणजे त्यांचा भ्रम मीच खरा करत होते.

सत्य हे आपलं अणुव्रत. पण ज्या सत्यानं दुसऱ्यावर संकट येईल ते बोलू नये, असंही आपलं शास्त्र सांगतं. मग मी चुकले की नाही? उत्तर मला गोळीच्या कामातच सापडलं.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या हाती एकमेकींना निरोप धाडतात. डोपामाइन हा त्यातला एक निरोप्या. या आजारात मेंदूच्या एका भागात त्याची धावपळ वाढते आणि साध्या गोष्टींनाही भलताच अर्थ चिकटतो. शेजारीण खोकली तरी ती खूण वाटते. डोपामाइन ज्या दारांवर थाप मारतो, ते रिसेप्टर. गोळी त्यातली डी-२ नावाची दारं अडवून बसते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिननं रुग्णांना गुण आला; तो का आला, हे नंतर उलगडलं.

बहुतेक औषधांत साधारण ६५ टक्के दारं अडली की गुण येऊ लागतो. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग ताठरतं, हात कापतात, कारण हालचालही त्याच दारांवर चालते. इतकी ही वाट अरुंद! पाऊल चुकलं हे आधी कुणाला कळणार? ज्यांच्या अंगात औषध जातं त्यांनाच. भावजी सांगत होते, "वहिनी, पाय स्वस्थ बसू देत नाहीत." मी ते आजाराच्या खात्यावर मांडत होते. कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं, तर डॉक्टरांना काय सांगणार?

शेवटी मी कबूल केलं. दोन दिवस ते माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "डॉक्टरांकडे मी स्वतः बोलतो." डोस कमी झाला. आता गोळी ते हातावर घेतात, बघतात, मग गिळतात. कधी नाहीही म्हणतात. मग आम्ही बोलत बसतो.

बस्तीत बायका विचारतात, कर्माचा उदय असेल तर गोळीनं काय होणार? मी म्हणते, गोळी निमित्त आहे, आणि निमित्ताला मनाई नाही. जिवावरच बेतलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं काय ते करावं. पण रोजच्या ताटात लपवाछपवी नको. ज्यांचा आधीच कुणावर विश्वास बसत नाही, त्यांच्याशी तरी आपण खरं वागावं.