‘हॅव’ आणि ‘मला आहे’

इंग्रजींतील ‘हॅव’ हें क्रियापद अगदीं लहान, परंतु त्याचा संसार फार मोठा आहे. भाऊ, पैसा, ताप, चहा या सर्वांशीं मनुष्याचा संबंध तें एकटेंच जोडतें. मराठींत त्यास नेमका प्रतिशब्द नाहीं. आपण ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘मला ताप आहे’ असें म्हणतों. चहा तर घ्यावाच लागतो. इंग्रजींत मनुष्य कर्ता आणि वस्तु त्याचें कर्म. मराठींत वस्तुच कर्ता. ती आपली आपण ‘असते’, मनुष्य केवळ तिच्या निकट उभा असतो. ‘हॅव’चें मूळ ‘पकडणें’ या अर्थाच्या धातूंत आहे, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

एवढ्यावरून मराठी माणूस स्वभावतःच निर्लोभ आहे, असें कोणी अनुमान काढील तर तें हास्यास्पद होय. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. ‘हॅव’वांचून येथील सावकारी कधीं अडली नव्हती. लोभाला व्याकरण लागत नाहीं.

मग या भेदाचें महत्त्व काय? ‘हॅव’पुढें ‘टु’ लावला कीं इंग्रजींत कर्तव्य उत्पन्न होतें: ‘आय हॅव टु गो’. मराठींतहि ‘मला घर आहे’ आणि ‘मला जायचें आहे’ यांतील ‘मला’ एकच. स्वामित्व व कर्तव्य एकाच दारानें आंत येतात, याची साक्ष दोन्ही भाषा देतात.

विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीकांठीं तिवरांचें विस्तीर्ण रान आहे. त्याचा मोठा भाग गोदरेज कंपनीच्या ताब्यांतील जमिनीवर असून तिनें तो जतन केला आहे. हीं झाडें चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, माशांच्या पिलांस आसरा देतात. त्या वेळीं तीं सातबारा पाहत नाहींत. मुंबई उच्च न्यायालयानेंहि २०१८ सालीं कांदळवनांच्या नाशास मनाई करतांना जमीन सरकारी कीं खासगी, हा भेद मानला नाहीं. ज्याचें आहे, त्याला राखायचें आहे.

आणि ज्याच्या नांवावर तसूभरहि जमीन नाहीं, तो विक्रोळीकर? तोहि ‘आमच्याजवळ खाडी आहे’ असें म्हणतोच. त्यांत मालकी नाहीं. पण खाडींत कचरा टाकतांना हात थांबावा, एवढें ओझें त्या ‘जवळ’ शब्दांत खास आहे.

आपल्याजवळ काय काय आहे, याची यादी प्रत्येक घरांत असते. तिच्या शेजारीं ‘आपल्याला काय करायचें आहे’ ही दुसरी यादी असावी, आणि ती पहिलीपेक्षां आंखूड नसावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.