झाडाला पाणी कोण घालणार?



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपण आजी-आजोबा व वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळतो. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत ॲना आणि संत योवाकिम यांचा सण 26 जुलैला येतो. त्याच्या जवळचा हा रविवार पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली वृद्धांसाठी ठरवून दिला. मिस्सानंतर आपण त्यांना गुलाबाचे फूल देतो, फोटो काढतो. सोमवारपासून त्यांचे दिवस कसे जातात, त्याविषयी आज बोलू या.

घरभेटींत आता एक नवी वस्तू दिसू लागली आहे. परदेशातला नातू सुट्टीवर येताना आजोबांसाठी डोळ्यांवर बांधायचा डबा आणतो. व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रे दिसतात, मान वळवली की चित्रही वळते, आणि खाटेवर बसलेला माणूस गालील सरोवराच्या काठावर किंवा फुललेल्या बागेत जाऊन पोहोचतो. परदेशांतील काही वृद्धाश्रमांतही उदास, एकाकी वृद्धांसाठी याचा वापर होतो.

याला नावे ठेवण्याची आम्हाला घाई नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चार भिंतींपलीकडचे काही दिसले तर त्यात वाईट काय? नुसते पाहण्यानेही मनाला उभारी मिळते. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी 1984 साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

पण त्याआधीचा, 1976 सालचा एक प्रयोग आम्हाला जास्त विचार करायला लावतो. कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी दोन मजल्यांवरील वृद्धांना कुंडीतील रोपे दिली. एका मजल्यावर सांगितले, रोप तुम्ही निवडा, तुम्हीच सांभाळा. खोलीतले सामान कसे मांडायचे, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा, तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिले आणि सांगितले, पाणी नर्स घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक आनंदी, अधिक जागरूक आणि मिसळणारी दिसली.

रोप तर दोन्हीकडे होते! फरक होता तो पाणी कोण घालणार याचा. डब्यातली बाग कितीही सुंदर असली, तरी आजोबा एक दिवस गेले नाहीत म्हणून ती सुकत नाही. तिला त्यांची गरजच नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीसाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, तोच मंदिरातील सेवेसाठीही वापरला जातो. आणि हे सारे पापात पडण्यापूर्वीचे आहे, हे आपण विसरतो. काम ही शिक्षा म्हणून आलेली नाही. ती देवाने माणसावर टाकलेली भिस्त आहे. ती साठाव्या किंवा ऐंशीव्या वर्षी काढून घेतल्याचे शास्त्रात आम्हाला तरी कुठे आढळले नाही.

काढून आपण घेतो, तेही प्रेमाने. ज्यांनी आयुष्यभर केळीला आणि पानवेलीला पाणी पाजले, त्यांची वाडी गेली, तिथे इमारत आली. तिसऱ्या मजल्यावर त्यांना पंखा आहे, टीव्ही आहे, ताट वेळेवर येते. मुलगा-सून चांगले आहेत. "बाबा, तुम्ही बसा, काही करू नका." दिवसातून पाच वेळा हे ऐकणारा माणूस हळूहळू बोलायचा थांबतो. मग आपण म्हणतो, वय झाले. (कधीकधी तो खरोखरीचा नैराश्याचा आजार असतो. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणे नको झाले, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. प्रार्थना करा, पण औषध टाळू नका.)

तेव्हा डबा आणला असेल तर जरूर वापरा. खुर्चीत बसवून, थोडाच वेळ, जवळ कोणीतरी असताना. कारण डोळे चालत असतात आणि शरीर स्थिर असते, त्यामुळे चक्कर येते. काढल्यावर विचारा, काय दिसले, आपल्या वाडीत तसे कोणते झाड होते? पण त्याच खोलीच्या खिडकीत, वाकावे लागणार नाही इतक्या उंचीवर, एक कुंडीही ठेवा. मेथी टाका, तीन-चार दिवसांत कोंब दिसतो. गवती चहा लावा. स्मरण हरवत चाललेल्या आजीलाही तो वास ओळखीचा वाटेल. मधुमेह असेल तर हातमोजे द्या. आणि कृपा करून त्यांच्या वाटचे पाणी तुम्ही घालू नका. रोप एखादे मेले तर मरू द्या, दुसरे आणा.

चर्चच्या मागे कमरेइतक्या उंचीचे तीन वाफे बांधून झाले आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपले वृद्ध तिथे झेंडूची रोपे लावतील. 8 सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला वेदीवर त्याच वाफ्यांतली फुले असावीत, अशी आमची इच्छा आहे. बसायला खुर्च्या असतील. ज्यांना जिना उतरणे शक्य नाही, त्यांची कुंडी पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारे सेवक घरी आणतील. कोणते रोप हवे ते कळवा. मात्र आधी त्यांनाच विचारा.