सान्निध्य हेच साहाय्य

महाभारताच्या उद्योगपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध समीप आले असता दुर्योधन व अर्जुन दोघेही साहाय्य मागण्यास द्वारकेस गेले. भगवंतांनी त्यांच्यापुढे निवड ठेवली : एकीकडे बलाढ्य नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारे ते स्वतः. अर्जुनाने निःशस्त्र भगवंतांनाच मागून घेतले. सेना मिळाली म्हणून दुर्योधन हर्षित झाला. परंतु रणभूमीवर अर्जुनाच्या हातून गांडीव गळू लागले, तेव्हा रथावर जवळ बसलेला सारथीच कामी आला. गीतेच्या पहिल्या अध्यायात, जमलेले कौरव पाहा, या एका वाक्यापलीकडे भगवान काहीच बोलत नाहीत. अर्जुनाचा सारा शोक ते आधी ऐकून घेतात.

तमिळनाडूत कावेरीकाठी कुंभकोणम हे पुरातन क्षेत्र आहे. तेथील शार्ङ्गपाणीच्या मंदिरासमोरील रस्त्यावर थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणीचे घर आहे. १९१४ साली ते विलायतेस गेले व तेथे दुर्धर व्याधीने ग्रासले गेले. रुग्णालयात त्यांना भेटावयास प्राध्यापक हार्डी येत. हे गृहस्थ ईश्वर मानीत नसत. एकदा काय बोलावे ते न सुचून ते म्हणाले की, आपण आलो त्या गाडीचा क्रमांक १७२९ अगदीच नीरस होता. रामानुजन तत्काळ उत्तरले की, दोन घनांची बेरीज म्हणून दोन निराळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या होय! आजाऱ्याचे मन क्षणभर व्याधीबाहेर आले, ते कोणीतरी शेजारी येऊन बसल्यामुळेच.

१९१९ साली ते स्वदेशी परतले. काही काळ कुंभकोणम येथे राहून ते उपचारार्थ मद्रासला गेले. पत्नी जानकी अम्माळ त्यांच्या उशाशी होत्या. पतीचे गणित त्यांना अगम्य होते व व्याधी हटविणे त्यांच्या हाती नव्हते. वेळेवर भात, ताक, लिंबाचा रस द्यावा, छाती व पाय दुखू लागले की शेकावे, एवढेच त्या करीत. अशा स्थितीतही रामानुजन यांचे गणित थांबले नाही. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते निवर्तले. जानकी अम्माळ १९९४ पर्यंत जगल्या. मुंबईत भावाकडे राहून त्या शिवणकाम शिकल्या व पुढे त्यावर उदरनिर्वाह केला. पतीची सेवा घडली हे त्या आपले भाग्य समजत.

पती वाचले नाहीत, मग ती सेवा निष्फळ झाली काय? गीता सांगते की, अधिकार कर्माचा आहे, फळाचा नव्हे. ही शिकवण रुग्णशय्येपाशी जितकी कसाला लागते, तितकी क्वचितच अन्यत्र लागत असेल. तेथे जाऊन आपण काय करणार, असे म्हणून पुष्कळ सज्जन दुःखिताचे दार टाळतात. वस्तुतः आपली असमर्थता पाहवत नाही, म्हणून पाय अडखळतो. हा अहंकाराचाच एक प्रकार होय. तसेच जाऊन उपदेशाचा वर्षाव करणे किंवा रोग्यापुढे चिंता मांडणे, हेही सान्निध्य नव्हे. पाण्याचा पेला पुढे करावा, बोलेल ते ऐकावे, न बोलेल तर मुकाट्याने बसून मनात नामस्मरण करावे.

आपल्या आळीत आज कोणी अंथरुणास खिळले असेल, कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल. सायंकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर घटकाभर तेथे जाऊन बसावे. सर्वांच्या हृदयात वसणारा भगवान त्या घरातही वाट पाहत आहे.